सोफ्यावरचा मामा

आमच्या घरात भांडण झालं की वस्तू यायची. पप्पा आणि आई आवाज चढवून भांडणारे नव्हते, ते गप्प व्हायचे. दोन दिवस घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या, मोरीतल्या नळाची टपटप आणि शेजारच्या शहाबेनच्या टीव्हीचा आवाज. मग शनिवारी संध्याकाळी पप्पा शर्ट पँटमध्ये खोचत भिंतीकडे बघून म्हणायचे, "मार्केटला जाऊन येऊ या का जरा?" आई काही न बोलता पर्स उचलायची. परत यायचे तेव्हा दोघांच्या मधे एक मोठा खोका असायचा, एक बाजू पप्पांनी धरलेली, एक आईने, आणि दोघं जिना चढताना खिदळत असायचे. मी आणि ताई खोक्याच्या आकारावरून ओळखायचो, की यावेळचं भांडण केवढं होतं. एकदा असंच गालिचा धुण्याचं मशीन आलं. आमच्याकडे गालिचा नव्हता. त्यावरून पुन्हा दोघं गप्प झाले आणि पुढच्या शनिवारी गालिचा आला.

मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. आजोबा गिरणीत होते, गिरण्या गेल्या तेव्हा मिळालेल्या पैशात त्यांनी ही जागा घेतली आणि आयुष्यात कुणाचा एक रुपया उधार ठेवला नाही, असं पप्पा अभिमानाने सांगायचे, तेही हप्त्यावर घेतलेल्या सोफ्यात रेलून. पप्पा एका औषध कंपनीच्या ऑफिसात, आई शाळेच्या ऑफिसात. दोघांचे पगार नियमित, दोघं हिशेबात हुशार. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवून घरी आल्यावर त्यांना आकडा बघवत नसे, एवढंच. क्रेडिट कार्ड आलं तेव्हा ते त्यांना बिनआकड्याचा पैसा वाटलं असणार. बँकेने लिमिट वाढवलं की पप्पांना बढती मिळाल्यासारखं व्हायचं. ते पेढे आणायचे, अर्थात कार्डावर, आणि आई ते सगळ्या मजल्यावर वाटायची. शहाबेन विचारायच्या, "शेनी खुशी?" आई सांगायची, "ह्यांचं वाढलं." काय वाढलं ते कधी कुणी विचारलं नाही. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहूनही मोठी झाले आहे, मलाही फोनवर रोज कुणीतरी लिमिट वाढवून देतो म्हणतं, आणि तोंडात उगाच पेढ्याची चव येते.

मग एक वर्ष असं आलं की पप्पांच्या कंपनीने बोनस दिला नाही आणि सगळे हप्ते एकमेकांच्या अंगावर पडले. आधी फोन. एक मुलगी गोड आवाजात पप्पांना 'सर' म्हणायची, नंतर एक माणूस 'सर' न म्हणता बोलायचा. फोन वाजला की आई मिक्सर लावायची, आत काही नसलं तरी. त्याही पुढे एका संध्याकाळी बेल वाजली आणि दारात तावडे उभे होते.

दाराची चौकट भरून टाकणारा माणूस. घट्ट जांभळा शर्ट, छातीवर सोन्याची चेन, पायात आरशासारखे चकचकीत बूट आणि सगळ्या जिन्यात दरवळणारं सेंट. आवाज मात्र बालवाडीतल्या बाईंसारखा मऊ. "वसुलीला आलोय," ते म्हणाले. "ऑफिसने सांगितलंय, शिव्या द्यायच्या नाहीत, हात लावायचा नाही. फक्त जाऊन बसायचं. लोकांना लाज वाटते आणि ते देतात." असं म्हणून त्यांनी बूट काढले, रुमालाने पुसून कोपऱ्यात ठेवले आणि ज्या सोफ्याचे हप्ते थकले होते त्याच सोफ्यावर येऊन बसले.

आईने पाणी दिलं. ते नको म्हणाले. "ड्युटीवर काय घेत नाय मी, वयनी." सात वाजता आले होते, नऊपर्यंत बसले. आम्ही सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे, कुणाला बाहेर जायचा धीर होईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांना गावच्या कुळथाच्या पिठीचा वास आला आणि बाहेरून हळूच आवाज आला, "पिठीत कोकम घातलंत काय?" आई म्हणाली, "हो." मग, "थोडी वाडा. जेवण नाय म्हणूचा ह्येका, चव बघणा म्हणूचा."

ते ताटावर बसले असतानाच शहाबेन हांडव्याची ताटली घेऊन आत आल्या. आमच्याकडे दार लोटलेलंच असायचं, बेल वाजवायची पद्धत नव्हती. त्यांनी तावडेंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आ कोण?" पप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. आणि आई, जिला सख्खा चुलत कसलाच भाऊ नव्हता, ती शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ. कणकवलीहून आलाय." तावडेंनी पिठीचा भुरका मारला, आईकडे पाहिलं, शहाबेनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ताईकडे येऊन जाऊन असतो मी. नमस्ते."

शहाबेन गेल्यावर पप्पा आईला दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, काय बोललीस तू?"

"मग काय सांगू? ह्या सोफ्याचा मालक आलाय?"

"मालक नाही हो मी, ताई," तावडे बाहेरून म्हणाले. "मी नुसता बसणारा."

तेव्हापासून ते आमचे मामा झाले, आणि मामा म्हटल्यावर त्यांना घरात हक्काने नाक खुपसता यायला लागलं. थोडे थोडे पैसे मिळत गेले तर वरचे लोक खूश राहतात, तेव्हा ह्या घरातून पैसे बाहेर जाऊच द्यायचे नाहीत, अशी त्यांची साधी समजूत होती. आल्या आल्या ते दारात उभे राहून हवा हुंगायचे. "नवीन वास येतोय." एकदा पप्पांनी हात खाली धरला की आपोआप साबण टाकणारी डबी आणली होती. मामांनी ती बेसिनमागून शोधून काढली, खोक्यात भरली आणि पप्पांना बरोबर घेऊन परत करायला गेले. दुकानदार म्हणाला, वापरलेला माल घेत नाही. मामा दुकानातल्या स्टुलावर बसले. नुसते बसले. पाऊण तासात पैसे परत.

आईने एक गाऊन आणून तांदळाच्या पिंपात लपवला. पण संध्याकाळी मामा असायचे, सकाळी शाळेची घाई, तो घालायला मिळेना. शेवटी तांदळात पोरकिडे झाले आणि गाऊनसकट सगळं गच्चीत उन्हात घालावं लागलं. घेण्यापेक्षा लपवायलाच जास्त मेहनत पडते हे लक्षात आल्यावर दोघांनी घेणंच सोडलं. शुक्रवारची पावभाजी गेली. पप्पा स्टेशनवरून रिक्षा सोडून चालत यायला लागले, पहिले काही दिवस नाकातून सुस्कारे सोडत, मग शीळ घालत. घरात रात्रीच्या चपात्यांची सकाळी फोडणीची पोळी, काळ्या वाटाण्याचं सांबार, सुक्या जवळ्याची चटणी असे आजीच्या वेळचे पदार्थ परत आले. बाजारात मामा आईच्या मागे पिशवी धरून उभे राहायचे. त्यांचा देह बघून भाजीवाला आपणहून भाव उतरवायचा आणि वर मूठभर कोथिंबीर टाकायचा.

हे सगळं सांगताना कुणाला वाटेल मामा फार शहाणे होते. तसं काही नव्हतं. त्यांचे स्वतःचे बूट हप्त्यावर होते. एकदा पप्पांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "तावडे, तुमचे हप्ते थकले तर तुमच्याकडे कोण येतं हो?"

"कदम येतो. आमच्याच ऑफिसचा." मामांनी बशीत चहा ओतला. "बरा माणूस आहे. येताना भजी आणतो."

खरी पंचाईत वेगळीच झाली होती. आईपप्पांची भांडणं थांबली नव्हती, आणि आता खोका आणता येत नव्हता. तोंड उघडून भांडण्याची सवयच नव्हती त्यांना. पहिल्यांदा दोघं बोलून भांडायला बसले तेव्हा काय म्हणायचं तेच सुचेना. आई म्हणाली, "तुम्ही ना..." आणि अडली. पप्पा म्हणाले, "मी काय?" मध्येच सोफ्यावरून मामा म्हणाले, "ताई, बोला, बोला. मी ऐकत नाहीये." हळूहळू जमायला लागलं. एखादं भांडण चार चार दिवस चालायचं, जेवताना थांबायचं, भांडी घासताना पुन्हा सुरू व्हायचं. त्यातून आम्हाला कळलं की आईला पप्पांनी नोकरीतल्या कुठल्या तरी परीक्षेचा नाद सोडला याचा वीस वर्षं राग होता, आणि पप्पांना आई माहेरी बारशाला गेली तेव्हा एकटं पडल्याचा. एवढ्या वर्षांत ह्या दोन गोष्टींसाठी घरात केवढं सामान आलं होतं!

भाऊबीजेला शहाबेन मुद्दाम ओवाळणी बघायला आल्या. आता काय करणार? पाट मांडला, रांगोळी काढली, मामा जांभळा शर्ट सावरत पाटावर बसले आणि आईने त्यांना ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला भाऊबीजेला ओवाळत होती. मामांनी खिसे चाचपले आणि तबकात एक नोट ठेवली. शहाबेन डोळे पुसत गेल्या. दार बंद झाल्यावर आईने ती नोट उचलून मामांपुढे धरली, "हप्त्यात घ्या." मामांनी घेतली, मांडीवर पुस्तक ठेवून रीतसर पावती फाडली आणि आईला दिली. मग दोघंही गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले. पप्पा म्हणाले, "फराळ करा."

ताई तेव्हा मालाडला एका ऑफिसात नोकरीला होती, आणि तिथला अमेय सामंत नावाचा बोरिवलीचा मुलगा तिला आवडला होता. घरच्यांनी एकदा भेटावं असं ठरलं. ताईने त्या आठवड्यात नखं खाऊन संपवली. "मनू," ती मला म्हणाली, "त्यांचं किचन बघितलंस तर चाट पडशील. ओटा काळा चकचकीत, दरवाजे आपोआप बंद होतात. आपल्याकडे वसुलीवाला बसतो हे कळलं तर संपलंच." पप्पांनी मामांना हात जोडून विनंती केली, रविवारी येऊ नका. मामांनी तोंड एवढंसं केलं. "बरं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पिठीसुद्धा मागितली नाही.

रविवारी सामंत मंडळी बोरिवलीहून घोडबंदर रोडने गाडी करून आली. अमेय, त्याचे आईवडील आणि आजी. सामंतकाका सडपातळ, सफारी घातलेले, सतत घाम पुसणारे. आजी कमरेवर हात ठेवून वाकून चालणाऱ्या. गालिचा धुतलेला होता, निदान त्या मशीनचा एकदा तरी उपयोग झाला. कांदेपोहे झाले. काकू ताईशी छान बोलल्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की आई चक्क सैल होऊन खुर्चीत टेकून बसली. तेवढ्यात अमेय म्हणाला, "मामा नाहीत का? रुपाली खूप बोलते त्यांच्याबद्दल." ताईने डोळे मिटले. पप्पा म्हणाले, "त्यांना जरा..." आणि जिन्यातून सेंटचा वास वर आला.

मामा नव्या जांभळ्या शर्टात होते. हातात केशरी मिठाईचा बॉक्स. आईकडे बघून ते ओशाळं हसले, "ताई, राहवलं नाही. भाचीचं बघणं आणि मामा नाही, बरं दिसतं का?" मग त्यांची नजर पाहुण्यांवर गेली आणि हसू तिथेच थिजलं.

सामंतकाकांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. मला तो आवाज अजून आठवतो, लहान घंटेसारखा. काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी बोलल्या त्या आजी.

"अगो बाय, आमचे योगासर!"

"योगासर?" पप्पा म्हणाले.

"रोज सकाळी येतात की आमच्याकडे," आजी म्हणाल्या. "तासभर डोळे मिटून बसतात. किती शांत बसतात! सर, माझी कंबर धरलीय केव्हाची, रोज सांगते एखादं आसन दाखवा, तुम्ही नुसते हसता. आज सोडायची नाही मी तुम्हाला."

मामांनी आधी सामंतकाकांकडे पाहिलं, मग पप्पांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच विनवणी होती. त्यांनी मिठाईचा बॉक्स टीपॉयवर ठेवला, पँट वर ओढली आणि गालिच्यावर मांडी घातली. मग एक पाय उचलून दुसऱ्या मांडीवर चढवला. मग, देव जाणे कुठून बघितलं होतं, दुसराही चढवला. हात वर जोडले. चेहरा शर्टाच्या रंगाला जाऊन भिडला. "असं," ते म्हणाले, "बसायचं."

"किती वेळ?" आजींनी विचारलं.

"पैसे मिळेपर्यंत," मामांच्या तोंडून निघून गेलं. मग एकदम, "म्हणजे, आराम मिळेपर्यंत."

आजी समाधानाने मान डोलवत होत्या. मामा मात्र सुटेनात. एक पाय दुसऱ्यात असा अडकला होता की हलला की ते मागे कलंडत होते. कपाळावरून घाम गळायला लागला आणि मऊ आवाजात त्यांनी हाक मारली, "कोणीतरी धरा रे. मेलंय मी!" पप्पा धावले. सामंतकाकाही धावले. एकाने हा दंड धरला, एकाने तो, आणि आपापल्या वसुलीवाल्याला ते दोघं जीव खाऊन वर ओढायला लागले. ओढता ओढता त्यांची नजरानजर झाली, मामांच्या टकलावरून. मी समोरच उभी होते. कसं कोण जाणे, दोघांना एकाच क्षणी कळलं.

"तुमचं काय?" सामंतकाकांनी धापा टाकत विचारलं.

"सोफा," पप्पा म्हणाले. "आणि कार्डं. तुमचं?"

"किचन."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक काकू. ज्या पदराने तोंड झाकलं होतं तोच पदर डोळ्यांना लावून त्या हसत होत्या, आणि आई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून. पप्पांनी आणि काकांनी हसता हसता हात सोडले, त्यामुळे मामा पुन्हा खाली. आजींना काही कळेना. "अरे, झालं काय?" त्या विचारत होत्या आणि अमेय त्यांना सांगत होता, "आजी, हे योगासर नाहीत गं." तर त्या म्हणाल्या, "नसतील. पण बसतात छान."

नंतर मिठाई खाताना बोलणं निघालं तेव्हा कळलं की दोन्ही घरांनी, एकमेकांपुढे कमी दिसू नये म्हणून, लग्नासाठी नवीन कर्ज काढायचं मनात पक्कं केलं होतं. आईने हॉलसुद्धा बघून ठेवला होता, पप्पांना न सांगता. काकांनी घोडा. मामा सोफ्यावर पाय चोळत बसले होते. ते म्हणाले, "काढा कर्ज. काढा. पण सांगून ठेवतो, दोन्हीकडे मीच येणार. सकाळी बोरिवली, संध्याकाळी मुलुंड. आणि माझे पाय आता गेलेत."

मग सगळं पाच मिनिटांत ठरलं. रजिस्टर लग्न, आणि नंतर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर घरचेच मंगलाष्टकं म्हणतील. ताई इतका वेळ दाराशी उभी होती, अमेयने तिला हाताने खूण करून जवळ बोलावलं तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, "मला वाटलं तुम्ही उठून जाल." काकू म्हणाल्या, "कसे जाणार, बाय? गाडीच्या भाड्यासाठीसुद्धा आधी ह्यांनाच विचारावं लागेल," आणि मामांकडे बोट दाखवलं.

लग्नात मामांनीच ताईला हाताला धरून अंतरपाटापाशी आणलं. जिलबी आणि मसालेभात होता. शहाबेननी सगळ्या मजल्याला सांगितलं की भाऊ असावा तर असा. कदम नावाचे एक गृहस्थही आले होते, मोठ्या परातीतून कांदाभजी घेऊन, आणि मामांच्या शेजारी निमूट बसले होते.

कर्ज फिटायला त्यानंतर बराच काळ गेला. शेवटचा हप्ता दिला त्या संध्याकाळी मामांनी आईच्या हातात कागद दिला, बूट घातले आणि थोडा वेळ दारात उभे राहिले. आता त्यांना आमच्याकडे पाठवायचं कुणाला कारण नव्हतं. त्यांची बदली पनवेलकडे झाली. आई म्हणायची, पिठी करताना अजून माप चुकतं. पण ते काही असो, मला शेवट म्हणून आठवतं ते वेगळंच.

काही महिन्यांनी एका शनिवारी आम्ही तिघं एल.बी.एस. रोडवरून चालत होतो. आईपप्पांचं सकाळपासून काहीतरी बिनसलं होतं, कशावरून ते मला माहीत नाही. मोठ्या दुकानाच्या काचेसमोर पप्पा थांबले. आई थांबली. दोघं न बोलता आत गेले आणि एका भल्यामोठ्या फ्रिजसमोर उभे राहिले. दरवाज्यातून पाणी येणारा, बर्फ येणारा. पप्पांनी त्याच्यावरून हात फिरवला. आईने खणात डोकावून पाहिलं. एक तरुण सेल्समन लगबगीने आला. "सर, मॅडम, झीरो इंटरेस्ट आहे. आज एक पैसा पण द्यायचा नाही. फक्त सही करा."

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईने पप्पांकडे. आणि काय झालं कुणास ठाऊक, आईने पप्पांचं मनगट पकडलं आणि दोघं पळत सुटले. खरोखर पळत. पन्नाशीची ती दोघं, आई एका हाताने साडीच्या निऱ्या धरून, पप्पांची चप्पल निघालेली, काचेचं दार ढकलून रस्त्यावर, भेळवाल्याला वळसा घालून, सिग्नल न बघता पलीकडे. सेल्समन म्हणाला, "काय झालं, मॅडम? आग लागली का?" मी चप्पल उचलली आणि बाहेर आले. रस्त्याच्या पलीकडे दोघं एका बंद शटरला टेकून, एकमेकांना धरून, दम खात उभे होते, आणि गाड्यांच्या आवाजातूनही मला स्पष्ट ऐकू आलं, आई विचारत होती, "आता सांगा, सकाळी काय म्हणत होतात?"